जनुकशास्त्राचा प्रकल्प: प्रतिकृती नको, मोजणी हवी

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही दोघी मैत्रिणी अकरावी सायन्सला आहोत, तालुक्याच्या गावी. जानेवारीत प्रदर्शन आहे आणि विषय जनुकशास्त्र घ्यायचाय. लॅबमध्ये धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच, खर्चाला फार तर हजार रुपये. नेटवर शोधलं की डीएनएची प्रतिकृती, केळ्यातला डीएनए आणि जीभ वळवण्याचं सर्वेक्षण एवढंच सापडतं. वेगळं काय करता येईल?

बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि प्रदर्शनांत परीक्षक म्हणूनही बसलो, त्यामुळे आधी टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. थर्माकोलचा गोल जिना, त्यावर चार रंगांच्या टाचण्या, शेजारी पाठ केलेलं भाषण. असे पाच-सहा डीएनए एकाच हॉलमध्ये असतात. मी त्या मुलांना एकच गोष्ट विचारतो: यात तुमचं काय चुकू शकलं असतं? उत्तर येत नाही, कारण प्रतिकृती चुकतच नाही. आणि ज्यातून अंदाज खोटा ठरण्याची शक्यताच नाही, त्याला मी प्रकल्प म्हणत नाही, हस्तकला म्हणतो. जनुकशास्त्र हा तर मुळात मोजणीचा धंदा आहे. मेंडेलने वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत 7324 दाणे मोजले, 5474 गोल निघाले, 1850 सुरकुतलेले. गुणोत्तर 2.96 ला 1. पुस्तकातलं नीटनेटकं 3:1 या ढिगातून आलंय, चार कुंड्यांतून नव्हे.

किती रोपं मोजायची याचा हिशेब तुम्हाला स्वतःला करता येतो. अप्रभावी गुण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणारा गुण, चारांत एकदा दिसणार असेल, तर दहा रोपांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता तीनचतुर्थांशचा दहावा घात, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. चारच रोपं असतील तर ती 32 टक्के होते. वीस रोपांवर अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. हा आकडा फलकावर लिहा. 'आम्ही एवढीच रोपं का लावली' याचं उत्तर देणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

आता विषय. तुमची परिस्थिती पाहता माझी पहिली पसंती गावातली मांजरं.

हसू नका. मांजराचा केशरी रंग एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाने ठरतो. बोक्याला एक्स एकच, त्यामुळे तो केशरी असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. भाटीला दोन एक्स. दोन्हींवर त्या जनुकाची केशरी आवृत्ती असेल तर ती केशरी, एकावरच असेल तर अंगावर काळी आणि केशरी अशी दोन्ही ठिगळं. कारण मादीच्या प्रत्येक पेशीत गर्भावस्थेतच दोनपैकी एक एक्स बंद केला जातो आणि त्या पेशीच्या पुढच्या वंशात तोच बंद राहतो. मेरी लायन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली. दिवाणाखाली झोपलेल्या मांजराच्या पाठीवर तुम्हाला ती उघड्या डोळ्यांनी दिसते, याहून स्वस्त प्रयोगशाळा मला माहीत नाही. विषय जुनाही नाही: रंग बदलणारा नेमका दोष कोणता हे 2024-25 मध्येच जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं. एक्स गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला आहे.

करायचं काय, तर गावातली मांजरं मोजायची आणि तीन गटांत टाकायची: केशरी, मिश्र (काळं आणि केशरी दोन्ही असलेली), आणि बिनकेशरी. पांढरे डाग वेगळ्या जनुकाचे, ते असोत-नसोत, गट बदलत नाही. फिकट, सायीच्या रंगाचं मांजर केशरीत जातं. राखाडी पट्टेवालं बिनकेशरीत. पूर्ण पांढरं मांजर मात्र वगळायचं, कारण पांढऱ्याच्या जनुकाखाली मूळ रंग झाकलेला असतो. असं वगळलेलं प्रत्येक मांजर वहीत लिहून ठेवायचं.

अडचण अशी की लांबून नर-मादी ओळखता येत नाही. पण ओळखायची गरजही नाही. नर-मादी निम्मे-निम्मे मानले, आणि केशरी आवृत्तीचं प्रमाण 'क' धरलं, तर बोक्यांत केशरी क, भाटींत केशरी क गुणिले क, आणि मिश्र भाटी दोन गुणिले क गुणिले (1 वजा क). कागदावर मांडून बघा: एकूण मांजरांतला केशरींचा वाटा, अधिक मिश्रांचा निम्मा वाटा, बरोबर क.

समजा तुम्ही 100 मांजरं मोजली. 18 केशरी, 24 मिश्र, 58 बिनकेशरी. क म्हणजे 0.18 अधिक 0.12, 0.30. आता उलटं जा. क 0.30 असेल तर मिश्र किती अपेक्षित? 0.3 गुणिले 0.7 (भाटी एकूण मांजरांत निम्म्याच, म्हणून आधीचं 'दोन गुणिले' उडालं), म्हणजे शंभरात 21. केशरी 19.5, बिनकेशरी 59.5. काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेले आणि अपेक्षित आकडे एकमेकांपासून किती दूर आहेत ते सांगणारी संख्या, काढलात तर साधारण 0.58 येतं. गट तीन, त्यातून एक वजा, आणि क आपण याच आकड्यांतून काढला म्हणून आणखी एक वजा. उरली स्वातंत्र्याची कोटी, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या, एक. तिच्यासाठी तक्त्यातली मर्यादा 3.84, त्याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने क्वचितच पडतो. आपण खूप आत आहोत, म्हणजे गावातली मांजरं या हिशेबाला धरून वागतायत. तुमच्या गावात ती तशी वागली नाहीत तर प्रकल्प अधिकच रंगेल. लोक केशरी पिल्लं हौसेने पाळतात का? बाहेरून आणलेली घरगुती मांजरं मिसळलीत का? मासळी बाजार आणि वाड्या-वस्त्या वेगळ्या मोजल्या तर क वेगळा येतो का? हे तुमचे प्रश्न, नेटवर यांची उत्तरं नाहीत.

यातली खरी कसोटी मोजणीच्या शिस्तीची. एकच मांजर दोन गल्ल्यांत दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाचा फोटो आणि गल्लीचा नकाशा ठेवा. एका आईची चार पिल्लं चार स्वतंत्र मांजरं धरू नका, ती सख्खी भावंडं आहेत. फक्त मोठी मांजरं घ्या. ज्या काकू रोज भटक्या मांजरांना दूध-मासे घालतात त्यांच्याकडून माहिती घ्या, त्यांना गल्लीतली वंशावळ तोंडपाठ असते. आणि हात लावू नका. ओरखडा निघालाच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली चांगला धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजच्या बाबतीत 'बघू उद्या' चालत नाही.

जीभ वळवण्याच्या सर्वेक्षणाला तुम्ही नाक मुरडलंत ते बरंच केलंत, पण ते उलटं करून घेता येतं. 1940 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामवंत जनुकशास्त्रज्ञाने जीभ वळवणं हा साधा प्रभावी गुण असल्याचं सुचवलं. 1952 मध्ये मॅटलॉक या संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या. त्यांतल्या सात जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. पुढे स्टर्टेव्हंटने स्वतःच हा दावा सोडला, तरी तक्ते अजून छापले जातात. कानाच्या पाळीचंही तेच: चिकटलेली की सुटी हा एका जनुकाचा खेळ नाही, 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी संबंधित अशा गुणसूत्रांवरच्या जवळपास पन्नास जागा सापडल्या. तेव्हा सर्वेक्षण करायचंच असेल तर प्रश्न असा ठेवा: पाठ्यपुस्तकी दावा आमच्या वर्गात टिकतो का? कानाच्या पाळ्यांचे फोटो नावाशिवाय काढा आणि पाच जणांना एकमेकांशी न बोलता 'सुटी' किंवा 'चिकटलेली' ठरवायला सांगा. किती फोटोंवर त्यांचं एकमत होत नाही ते मोजा. मधल्या पाळ्या भरपूर निघतील, आणि दोन कप्प्यांचा दावा तिथेच डळमळेल.

माणसावर काही करायचं असेल तर त्याहून चांगला विषय बोटांचे ठसे. आजी शंख-चक्र बघून भविष्य सांगते तेच ठसे, पण आपण रेघा मोजायच्या. ठशाच्या मध्यापासून, जिथे तीन दिशांच्या रेघा मिळून त्रिकोण होतो तिथपर्यंत सरळ रेष आखायची आणि तिने किती रेघा छेदल्या ते मोजायचं. चक्रात असे दोन त्रिकोण असतात, त्यातली मोठी संख्या घ्यायची. नुसती कमान असेल तर शून्य. दहा बोटांची बेरीज हा त्या माणसाचा आकडा. हा आकडा अनेक जनुकांनी मिळून ठरतो आणि ठसे गर्भातच बनून कायम होत असल्यामुळे नंतरच्या खाण्यापिण्याचा त्यावर परिणाम नाही. सख्ख्या भावंडांच्या जोड्या घ्या, तितक्याच बिननात्याच्या जोड्या घ्या, एक्सेलमध्ये सहसंबंध, म्हणजे जोडीतले दोन आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात, तो काढा. भावंडांत तो 0.5 च्या आसपास असायला हवा, कारण त्यांची सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात. बिननात्याच्या जोड्यांत शून्याजवळ. खर्च एका शिक्क्याच्या पॅडचा आणि भिंगाचा. मात्र एक अट आहे. हे ठसे आधारला जोडलेले असतात. मोजणी झाली की कागद फाडून जाळा, फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, फलकावर खरा ठसा लावू नका. ज्याचा ठसा घेतला त्याला हे आधी सांगा आणि अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची सही घ्या.

गुलबक्षी हे माझं आवडतं झाड, पण त्याला वेळ लागतो. कोरेन्सने, म्हणजे 1900 मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा शोधणाऱ्यांपैकी एकाने, याच झाडावर काम केलं. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी, आणि गुलाबीच्या पुढच्या पिढीत 1:2:1 हे तुमच्या पुस्तकात आहे. परसदारी मात्र प्रकरण इतकं सरळ नसतं. पिवळी असते, राणी रंगाची असते, एकाच फुलावर रेघा-ठिपके असलेली असते. म्हणून प्रश्न साधा ठेवा: गावात सापडलेलं हे गुलाबी झाड खरोखर संकरज आहे का? कळी दुपारी उमलण्याआधी मलमलीची छोटी पिशवी बांधायची, कारण फूल संध्याकाळी उघडतं आणि अंधारात पतंग परकं पराग घेऊन येतात. मिटताना फुलातले पुंकेसर आणि कुक्षी वळून एकमेकांना टेकतात आणि स्वपरागण होतं. एका फुलाला मिऱ्यासारखं काळं बी एकच, त्यामुळे चाळीस बियांसाठी चाळीसच्या वर कळ्या बांधाव्या लागतील. पेरल्यापासून फुलापर्यंत दोन-तीन महिने धरा. सगळी संतती गुलाबीच निघाली तर तुमचं झाड संकरज नव्हतं. लाल, गुलाबी, पांढरी फुटली तर होतं. दोन्ही उत्तरं चालतात. यंदा ऑगस्टपासून कळ्या बांधून बी गोळा केलं तरी फुलं जानेवारीच्या प्रदर्शनाला नक्की येतील असं धरून चालू नका. ही दोन वर्षांची गोष्ट आहे, तेव्हा बारावीच्या धामधुमीत वेळ मिळणार नसेल तर खालच्या वर्गातल्या कुणाला तरी सोबत घ्या. गोकर्णही यासाठी सोयीची, फूल बरंचसं उमलण्याआधीच स्वपरागित होतं आणि निळी-पांढरी दोन्ही झाडं मंदिरांच्या आवारात मिळतात.

शेतावर मका असेल तर आणखी एक. स्वीटकॉर्नच्या शेजारी साधा मका असला की स्वीटकॉर्नच्या कणसात काही दाणे पिठूळ, टम्म निघतात. गोडपणाचा गुण अप्रभावी आहे, आणि दाण्यातला अन्नसाठा हाच संकराचा भाग असल्यामुळे परक्या परागाचा परिणाम त्याच कणसात, त्याच हंगामात दिसतो. पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. कणसं पूर्ण वाळू द्या: गोड दाणा सुरकुततो, साधा गुळगुळीत राहतो. बांधापासून पहिली, पाचवी, दहावी अशा ओळींतली कणसं घेऊन अंतरागणिक टम्म दाण्यांचं प्रमाण काढा. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा आलेख हातात येतो, आणि इन्स्पायर-मानक किंवा बालविज्ञान परिषदेसारख्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान उपक्रमांत असा स्थानिक प्रश्न चांगला मांडता येतो.

रक्तगटावर अनेकांचा डोळा असतो. वर्गात सुया टोचू नका, हे पहिलं. दुसरं, आई-वडील आणि मुलांचे रक्तगट एकत्र गोळा करू नका. न जुळणारा गट निघाला तर त्या घरात जे होईल ते तुमच्या प्रकल्पापेक्षा मोठं असतं. रक्तपेढीकडून किंवा शिबिराच्या आयोजकांकडून नुसत्या गटवार बेरजा मागा, नावं नकोत. ओ गटाच्या वाट्याचं वर्गमूळ म्हणजे ओ आवृत्तीचं प्रमाण. बी आणि ओ यांच्या बेरजेचं वर्गमूळ एकातून वजा केलं की ए आवृत्तीचं, आणि ए-ओ यांचं तसंच केलं की बी आवृत्तीचं. या दोहोंचा गुणाकार दुप्पट केला की एबी किती असायला हवेत ते कळतं. प्रत्यक्ष आकड्याशी ताडून बघा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: शिबिरात येणारे सगळे गावाचे प्रतिनिधी नसतात, निगेटिव्ह गटाच्या लोकांना तर खास फोन करून बोलावतात. याच विषयाला जोडून 'बॉम्बे' रक्तगट सांगता येतो. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. तपासणीत ओ दिसतो, पण ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण ए आणि बी ज्या पायावर चढतात तो एच हा पदार्थच शरीर बनवत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो. ओ दिसणाऱ्या वडिलांना, आईही ओ गटाची असताना, ए गटाचं मूल कसं होऊ शकतं, हे एका काल्पनिक वंशावळीत मांडा. परीक्षक थांबून बघतात.

केळ्यातला डीएनए करायचाच असेल तर प्रामाणिकपणे करा. साबण, मीठ आणि थंड अल्कोहोल घातल्यावर वर येणारे पांढरे धागे म्हणजे निव्वळ डीएनए नव्हे. फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, तोही अल्कोहोलमध्ये तसंच गोळा होतं. त्या धाग्यांत डीएनए किती, हा खरा प्रकल्प. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांसमोर, त्यांच्याच हाताने डायफिनाइलअमाइन चाचणी करा. डीएनए असेल तर निळा रंग येतो. त्यात तीव्र आम्ल लागतं, घरी नको. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, ती आणि केळं समान वजनाने घेऊन निळेपणाची तुलना करता येईल.

सूक्ष्मदर्शक वापरायची हौस असेल तर कांद्याच्या मुळांची टोकं घ्या. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं, ठसठशीत दिसतात. कॅफीनमुळे विभाजनाच्या शेवटी दोन पेशींमधली भिंत पडत नाही आणि दोन केंद्रकांच्या पेशी तयार होतात हे माहीत आहे. शुद्ध कॅफीन न वापरता कडक कॉफीच्या वेगवेगळ्या पातळ द्रावणांत तसं दिसतं का, ते हजार-हजार पेशी मोजून सांगा. नमुन्यावर लेबल लावताना संकेतांक द्या आणि मोजणारीला कोणता कोणत्या द्रावणातला हे कळू देऊ नका. तुम्ही दोघी आहात, हे सहज जमेल.

फळमाशा सुचवणारे भेटतील. माशी गुणी आहे, 25 अंशांना दहाएक दिवसांत पिढी पूर्ण होते, पण पिकल्या केळ्यावर येणाऱ्या माशा एकाच जातीच्या नसतात, आणि उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, वाण मागवून ते तापमान सांभाळून टिकवणं तुमच्या लॅबमध्ये जमेल असं वाटत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू घरी वाढवायची कल्पना कुणी दिली तर सरळ नाही म्हणा. तुम्ही काय वाढवताय ते तुम्हाला कळत नसतं.

शेवटी वही. पहिल्या दिवसापासून पेनाने, खाडाखोड दिसेल अशी, तारीख-वार. 1936 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने मेंडेलचेच आकडे तपासून ते अपेक्षेशी वाजवीपेक्षा जास्त जुळतात असं दाखवलं होतं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या फलकावर बरोबर 75 आणि 25 दिसले की माझ्यासारखा माणूस आधी कच्ची वही मागणार. मांजरं घेणार असाल तर या रविवारी सकाळी मासळी बाजारातून सुरुवात करा, पावसाची उघडीप बघून. पहिल्या तीस मांजरांचे आकडे आले की पाठवा, गट कसे पाडलेत ते मी बघतो.